लाळ्या आला तो हिवाळा

लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला की लोक कपाळाला आठ्या घालतात. मला झोप येते. माझे अब्बा नालबंद होते. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकायचं काम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं, आणि कुरुंद्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर रशीद नालबंदाचं घर कुणाला विचारावं लागत नसे. उसाच्या गाड्या डांबरी सडकेला लागल्या की आमच्या अंगणात उजाडल्यापासून बैल उभे असत. मी आत गोधडीत. बाहेर आधी कानशीची खरखर, खूर सारखा केल्याची. मग काही जोरकस ठोके, मग जरा उसंत, मग एक अगदी हलका ठोका, खिळ्याचं टोक मुडपल्याचा. त्या हलक्या ठोक्याची वाट बघता बघता माझा पुन्हा डोळा लागायचा. बैलाला आडवं पाडून त्याचे पाय दोरानं एकत्र बांधलेले असत, आणि ठोकायला सुरुवात करण्याआधी अब्बा त्याच्या मानेशी बसून कानात काहीतरी बोलत. काय बोलत ते कुणालाच कधी कळलं नाही. बैलांशी बोलून बोलून की काय, त्यांचा आवाजच तसा झाला होता. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी अम्मी म्हणायची, "जरा मोठ्यानं बोला की. मी काय बैल हाय, कानाशी यायला?"

घरात आम्ही दखनी बोलायचो. पण पुढं इतकी वर्षं मी शाळेत मराठीतून विज्ञान शिकवलं की ती माणसं आता माझ्या कानात मराठीतच बोलतात. मी त्यांना तसंच बोलू देते.

हिवाळा सरत आला की सगळं गाव पिवळं व्हायचं. शेजारच्या सखारामकाकांच्या मळ्यात हळद शिजायला लागायची. थोरल्या कढईखाली जाळ, वर ओल्या पोत्यांचं झाकण, आणि पोत्यांच्या फटींतून सुटलेली वाफ रांगत रांगत आमच्या परसापर्यंत यायची. ओल्या मातीचा आणि कापराचा मिळून होईल तसा तो वास दोरीवरच्या ओढणीला लागायचा, भाकरीला लागायचा, केसांत राहायचा. शुक्रवारी अम्मी खिचडी आणि खट्टा करायची, चिंचेच्या पातळ पाण्यात कच्चा कांदा आणि वरून लाल मिरचीची फोडणी. त्या खट्ट्यालासुद्धा मला हळदीच्या वाफेची चव यायची. आणि या सगळ्याच्या मधोमध, परसातल्या लिंबाखाली, आमची गुलाबी उभी असायची. लाल कंधारी गाय, भाजलेल्या विटेच्या रंगाची, डोळ्यांभोवती जरा काळसर. तिला त्या हिवाळ्यात कालवड झाली होती. पहाटे झाली, अंगावरचे ओले केस कंदिलाच्या उजेडात दवासारखे चमकले, म्हणून मी तिचं नाव शबनम ठेवलं. शाळेतून आल्यावर मी दप्तर टाकून तिच्याशेजारी बसायचे. ती माझ्या ओढणीचं टोक चोखत बसायची आणि दुपार कशी जायची ते कळायचं नाही.

त्या दिवसांत अब्बा सायकलवरून डोंगरकड्याला गेले होते. तिकडच्या केळीच्या बागांतले बैल त्यांच्याकडूनच पत्र्या ठोकून घेत. परत आल्यावर भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "एक बैल अजब आवाज करून राहिला होता. तोंडात घास न्हाई, अन् मचमच, मचमच. दाढ दुखत असंल." अम्मीनं त्यांच्या ताटात अंबाडीची भाजी वाढली आणि ते बोलणं तिथंच संपलं. त्याच हप्त्यात अब्बा माळावरच्या वाडीला गेले, मग ओढ्यापलीकडच्या तांड्यावर गेले. तोच दोर, तीच हत्यारांची पेटी, तेच धोतर.

मग एका सकाळी गुलाबी वैरणीकडे आली नाही. मी जवळ गेले तर तिच्या ओठांतून लाळेचा एक लांब धागा खाली लोंबत होता. कोवळं ऊन त्याच्यातून जात होतं. खरं सांगायचं तर मला तो सुंदर वाटला, हळदीच्या वाफेत चमकणारा, तुटता तुटत नसलेला. मग आवाज ऐकू आला. मचमच, मचमच. अब्बा अंगणात पत्री घडवत होते. त्यांच्या हातातली हातोडी थांबली. ते आले, गुलाबीचा जबडा उघडला, आणि अम्मीनं आत हात घातला तर जिभेवरची कातडी ओल्या कागदासारखी तिच्या बोटांना चिकटून निघाली. पुढच्या खुरांच्या फटीत फोड होते. गुलाबी एक पाय उचलायची, टेकवायची, मग दुसरा उचलायची.

शबनमला काहीच झालेलं नव्हतं. तिचं तोंड स्वच्छ, गुलाबी, दुधानं ओलं. ती आईच्या कासेला लागली, घटाघटा प्याली, दोन-चार पावलं माझ्याकडे आली आणि खाली बसली. बसली असंच मला वाटलं. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत लिंबाची पानं हलताना दिसत होती. मी हाक मारली तेव्हा कान हलला नाही.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा कदम नावाचे तरुण डॉक्टर नवीन आले होते. ते दुपारी आले. आधी त्यांनी गुलाबीचं तोंड तुरटीच्या पाण्यानं धुतलं, जिभेला औषध लावलं. मग शबनमकडे बघून म्हणाले, "उघडून बघावं लागेल. मुलीला आत पाठवा." मी गेले नाही. अब्बांनीही पाठवलं नाही. डॉक्टरांनी लिंबापासून लांब, चुना टाकलेल्या खड्ड्याच्या काठावर ते काम केलं, आणि काही वेळानं तळहातावर तिचं काळीज धरून दाखवलं. माझ्या मुठीएवढं. त्याच्या तांबड्या मांसावर फिकट पिवळे पट्टे होते, एकाआड एक, वाघाच्या अंगावर असतात तसे.

"हा लाळ्या-खुरकूत," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या जनावरात जीभ आणि खुरं धरतो. कोवळ्या वासरात तिथं थांबत नाही, काळजाच्या मांसात जातो. दुधातूनही गेला असेल."

अब्बा म्हणाले, "साहेब, गुलाबीला लहानपनी एकडाव होऊन गेला होता. मंग पुन्हा कसा?"

"याची भावकी मोठी आहे, रशीदभाई. तेव्हा आला तो एक भाऊ. तिचं रक्त त्याला ओळखतं. हा चुलतभाऊ असेल, याला ओळखत नाही."

"येतो कुठून?"

"लाळेतून, दुधातून, श्वासातून. माणसाला काही करत नाही, पण माणसाच्या हाताला, कपड्याला, चपलेला चिकटून येतो. दोराला. थंडीत, ओलीत बरेच दिवस टिकतो. आणि जनावर लाळ गाळायला लागायच्या आधीच तो बाहेर पडायला लागतो." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही इतक्यात कुठं कुठं गेला होतात?"

अब्बांनी डोंगरकड्याच्या त्या बैलाचं सांगितलं, मग वाडीचं, मग तांड्याचं. ते खुंटीवरच्या दोराकडे बघत होते.

मी पुढं हे सगळं शिकले, आणि शिकवलंही. वर्गात या विषाणूपाशी आले की माझा वेग मंदावायचा. पोरांना वाटायचं बाईंना झोप आली. तो इतका बारीक की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून कधीच दिसणार नाही. उजेडाची लाटच त्याच्यापेक्षा मोठी पडते, ती त्याला न शिवता वरून निघून जाते. त्याला पोट नाही, श्वास नाही, भूक नाही. एका कवचात गुंडाळलेला एक निरोप एवढंच त्याचं अस्तित्व, आणि निरोप एवढाच की माझ्यासारखे आणखी घडव. जिभेच्या कातडीतली एखादी पेशी तो वाचते आणि आपलं सगळं काम टाकून त्याच्या नकला काढत बसते, भरत जाते, फुटते. मधल्या काही वर्षांत लंपी आला तेव्हा माझा मुलगा मोबाईलवर गाठी आलेल्या गायींचे फोटो दाखवत होता. तो वेगळा विषाणू, माश्या-डासांबरोबर फिरणारा. पण फोटोंतल्या गायींचे डोळे मला ओळखीचे वाटले. आता मी वसमतला मुलाकडे राहते. हळद बॉयलरमध्ये शिजते, ऊस ट्रॅक्टरनं जातो. तरी थंडीत कधी कुठून ती पिवळी वाफ आली, की माझ्या हातात ओढणीचं ओलं टोक असतं.

त्या संध्याकाळी अब्बांनी धुण्याचा सोडा पाण्यात कालवला, दोर, पेटी, पत्र्या, चपला सगळं त्यात बुडवलं, स्वतः अंगभर आंघोळ केली. डॉक्टरांनी त्यांना कुठल्याही गोठ्यात पाय ठेवायला मनाई केली होती; काम आपोआपच बंद झालं. चूल पेटलेली होती आणि कुणी जेवत नव्हतं. अब्बा म्हणाले, "उद्या वाडीला आन् तांड्यावर जातो. सांगून येतो."

"काय सांगता?" अम्मी म्हणाली. "डॉक्टर सांगतील की. त्यांचं काम हाय."

"डॉक्टर एकला हाय. डोंगरकड्याला निघाला तो."

सखारामकाका दारात आले होते. त्यांच्या बैलांना अजून काही नव्हतं, म्हणून ते उंबऱ्याच्या बाहेरच, लांब उभे होते. "रशीदभाई, माझं ऐका," ते म्हणाले. "हे वाऱ्यानं बी येतं, दुधाच्या किटलीनं बी येतं. तुमी आपनहून जाऊन सांगितलं की लोक तुमालाच धरतील. उद्या कोन बोलावील तुमाला? काहून घेता अंगावर?"

"वाऱ्यानं आलं असंल तर बरंच हाय," अब्बा म्हणाले. "पर माझ्या हातानं आलं असंल तर?"

 शेवटी अम्मीनंच तिढा सोडवला, आणि तोही अशा तऱ्हेनं की मी चकित झाले. ती म्हणाली, "जायचंच तर नसीमला न्या. तुमाला गावात शिरता येनार न्हाई. शिवंवरून तुमचा आवाज कुनाला जानार?" माझा आवाज मोठा होता. त्यावरून मी रोज बोलणी खायचे, मशिदीपर्यंत ऐकू जातं म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी तो मागितला.

सकाळी आम्ही पायी निघालो. शेतांवर धुकं होतं, हरभऱ्याच्या पानांवरची आंबट दवाची आंब पायांना लागत होती, आणि अब्बा माझ्या पुढं असे चालत होते की धुक्यात त्यांचे पाय दिसत नव्हते. माळावरच्या वाडीशी पोचलो तेव्हा मला ओरडावंच लागलं नाही. शिवेवरच्या पहिल्याच गोठ्यात दोन बैल मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या तोंडांखालची माती भिजलेली होती. ते किसनरावांचे बैल. अब्बांनी नुकत्याच त्यांना पत्र्या ठोकल्या होत्या. किसनराव काठी घेऊनच बाहेर आले.

"काहून आलास? बघायला?"

"किसनराव, लाळ्या हाय हा. वासरं निराळी करा. पाजू नका त्यांना..."

"मला शिकवू नको! तू येऊन गेला अन् हे झालं. तूच आनलं हे, तुझ्या दोरानं आनलं!"

काठी वर गेली. मी अब्बांची बाही धरली. अब्बा मागं सरले नाहीत. त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "आनलं असंल. त्येच सांगायला आलो. माझं बी वासरू गेलं काल." किसनरावांची काठी तशीच वर राहिली, मग कुठं न लागता खाली आली. ते वळून गोठ्यात गेले. आत त्यांची बायको रडत होती, आणि कुणाला तरी सांगत होती की वासरू बाहेर काढ, लौकर काढ.

मला घरी जायचं होतं. अब्बा ओढ्याच्या वाटेला लागले. मी त्यांच्यामागं गेले. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडच्या चढावर तांडा, घरांवर निळा धूर, आरशाचे तुकडे लावलेले घागरे दोरीवर वाळत घातलेले, आणि वारा आला की ते सगळे आरसे एकदम आमच्याकडे बघायचे. अब्बा काठावरच थांबले. "हां, बेटा," ते म्हणाले.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले. "लाळ्या आलाय! जनावरं चरायला सोडू नका! बाजारला नेऊ नका! हात-पाय सोड्याच्या पान्यानं धुवा!" माझा आवाज पाण्यावरून गेला, चढावर आपटला, परत आला. घागरे काढणारी एक बाई थांबली. तांड्याचे नाईक, पांढऱ्या फेट्याचे, चढावर पुढं आले. त्यांनी हात कानामागं नेला. मी पुन्हा तेच ओरडले.

"आता नाव सांग," अब्बा म्हणाले.

"कुनाचं?"

"माझं. कोनते बैल ते त्यांना कळलं पाहिजे. म्हन, रशीद नालबंद आजारी बैलाजवळून आला होता. त्यानं ज्यांना पत्र्या ठोकल्या ते बैल आधी निराळे बांधा."

 माझ्या डोळ्यांसमोर ती वर गेलेली काठी होती. "अब्बा, नुसतं लाळ्या म्हटलं तरी कळंल त्यांना," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. बैलाचा पाय हातात घेऊन तो ढिला पडायची वाट बघत, तसे नुसते थांबून राहिले.

मग मी ओरडले. माझ्या बापाचं नाव, पूर्ण, जितका आवाज होता तितका लावून. "रशीद नालबंदानं पत्र्या ठोकलेले बैल निराळे बांधा! त्याच्या दोरानं आला असंल!" ओढ्यानं ते नाव घेतलं आणि परत दिलं, त्याच्या दोरानं, दोरानं. त्यानंतर इतकी शांतता झाली की पाण्यातला एकेक दगड ऐकू येत होता.  मग नाईकांनी फेटा काढला, हवेत हलवला, आणि वळून तांड्याकडे काहीतरी भराभर सांगायला लागले. घागरे काढणारी बाई खाली आली, पाण्याच्या पलीकडच्या काठावर एका दगडावर तिनं काळा गूळ ठेवला आणि मागं सरली. मी पाण्यात उतरून, पलीकडे पाय न ठेवता तो घेतला. अब्बांनी अर्धा मला दिला. आम्ही काठावर बसून तो खाल्ला, आणि एवढ्या वेळात मला पहिल्यांदा ऊन जाणवलं.

हळद शिजायचं संपलं तेव्हा नाईक आमच्याकडे आले. अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "रशीदभाई, तुमी ठोकलेले बैल निराळे बांधले. त्यातल्या दोघांनी लाळ गाळली. दुसऱ्या कुनाला झालं न्हाई. तांड्यावरचं एक बी वासरू गेलं न्हाई." ते आनंदानं सांगत होते. अब्बांनी मान हलवली, त्यांना चहा दिला, बसायला खाट टाकली. नाईक गेल्यावर मात्र ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. त्यांच्या दोराशी आलेल्याच बैलांना झालं होतं. जी गोष्ट सखारामकाका वाऱ्यावर, दुधाच्या किटलीवर ढकलत होते, ती आता आम्हाला बहुतेक कळली होती, आणि त्याच दमात हेही कळलं होतं की तांड्यावरची वासरं पीत आहेत. अम्मी त्यांच्याजवळ जाऊन बसली. 

किसनरावांचं वासरू वाचलं की नाही ते मला कधी कळलं नाही. त्या हंगामात वाडीनं अब्बांना पुन्हा बोलावलं नाही. पुढच्या पोळ्याआधी किसनराव स्वतः बैल घेऊन आमच्या दारात उभे राहिले. खुरांची जुनी टरफलं गळून खालून नवीन खूर आले होते, कोवळे, फिकट. अब्बांनी अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "अजून कच्चं हाय. दिवाळीनंतर या." किसनराव म्हणाले, "येतो." एवढंच बोलले ते.

गुलाबीही वाचली. ज्वारीच्या कण्यांची गूळ घातलेली पेज अम्मीनं तिला किती दिवस हातानं चाटवली. जीभ भरून आली, खुरं भरून आली, पण उन्हाळा लागला तशी ती धापायला लागली. अंगावरचे केस लांब, राठ झाले, आणि सावलीत उभी असली तरी तोंड उघडं ठेवून ती भात्यासारखा श्वास घ्यायची. कदम डॉक्टर म्हणाले, काही जनावरांत असं राहून जातं. विषाणू निघून जातो, पण अंगातली ऊब सांभाळायची घडी मोडून जातो. दूध आटलं. लोक म्हणाले, बाजार दाखवा. अब्बांनी तो विषय वाढू दिला नाही. दुपारी सगळं घर तिच्या श्वासानं भरून जायचं, भिंती आत-बाहेर होत आहेत असं वाटायचं, आणि आम्ही त्या आवाजाखाली पेंगत पडायचो. अब्बा तेवढे जागे असायचे, लिंबाला टेकून, तिच्याकडे बघत.

अशाच एका दुपारी मी बाहेर आले. अब्बा म्हणाले, "बीमारी कधीच गेली, नसीम. हिच्या दमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मी रांजणातून बादली भरली. जुनं पोतं भिजवलं, आम्ही दोघांनी ते दोन्ही बाजूंनी धरलं आणि तिच्या पाठीवर पसरलं. गुलाबीचं अंग शहारलं. मी तांब्यातांब्यानं पाणी घालत राहिले. हळूहळू तिच्या बरगड्यांची चाल मंदावली, तोंड मिटलं, शेपटी एकदा हलली. वळून पाहिलं तर अब्बांचं डोकं लिंबाच्या खोडाला टेकलेलं होतं आणि ते गाढ झोपले होते. त्या हिवाळ्यापासून मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी बादली आवाज न करता खाली ठेवली.